नदी वळेपर्यंत लांब रोटी

"भात खाल्लास का, दादा?" मिंग सोफालनं विचारलं. आवाज नेहमीचाच, पण मान काही वर केली नाही.

कंबोडियात दारात आलेल्या माणसाला पहिलं हेच विचारतात. आपण "या, बसा" म्हणतो तसं.

"भात राहू दे," भाऊ म्हणाला. "आवरलं का सगळं? बोट संध्याकाळपर्यंतच मिळालीय." आणि खांद्यावरचं दोराचं जाडजूड वेटोळं त्यानं ओसरीवर टाकलं. ओसरी हलली, आम्ही तिघी हललो, चुलीवरचं पातेलं हललं. सगळं घरच पाण्यावर तरंगत होतं ना! बांबूंच्या मोळ्या बांधून त्यांवर उभं केलेलं लाकडी घर. त्या गावातली सगळी घरं तशीच, नदीत रोवलेल्या खांबांना दोरांनी बांधलेली.

आणि मिंगचा हा थोरला भाऊ, पू वुथी, ते घर न्यायला आला होता. माणसांना न्यायला म्हणत नाही मी. भिंती, छप्पर, चूल, सगळ्यांसकट घर.

मिंग म्हणजे मावशी आणि पू म्हणजे काका. मी तिथं पोचले तेव्हा मला तिथल्या भाषेतले एवढे दोनच शब्द धड येत होते. मी शकून मारबते, भंडारा जिल्ह्यातली, जातीची धिवर. बापजाद्यांपासून आम्ही तलावातल्या मासोळीवर जगलेली माणसं. मी शिकलेही तेच, आणि एका संस्थेनं मला वर्षभरासाठी टोनले साप नदीवर धाडलं, तिथली मासोळी मोजायला. निघताना माझा बाप म्हणाला होता, "मासोळ्याच मोजाच्या हायेत, त आपल्या बोडीतल्या काय वाईट हायेत? साता समुद्रापार काऊन जाऊन रायली बाप्पा?" त्याला काय सांगणार? आमच्या गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, पावसानं भरते आणि उन्हाळ्यात आटते, संपलं. ह्या नदीची तऱ्हाच न्यारी.

ती अर्धं वर्ष एका बाजूला वाहते आणि अर्धं वर्ष दुसऱ्या. खोटं नाही सांगत. वर एक भलंमोठं तळं आहे, खाली राजधानीचं शहर, आणि शहराजवळ ही नदी मेकाँगला मिळते. उन्हाळ्यात ती तळ्यातून शहराकडे वाहते. पावसाळ्यात मेकाँग अशी फुगते की तिचं पाणी ह्या नदीत घुसतं, आणि नदी उलटी, तळ्याकडे वाहू लागते. तळं मग दूरदूर पसरतं, काठचं जंगल गळ्यापर्यंत बुडतं, आणि त्या बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये मासोळी वाढते. देशाच्या ताटातली मासोळी, शेतातला गाळ, सगळं त्या एका उलटण्यावर. नदी वळली तर साल बरं, नाही वळली तर उपास.

आणि मागची दोन वर्षं नदी धड वळली नव्हती. उशिरा वळली, चार दिवस वाहिली, थकून थांबली. जाळ्यात येत होता तो निव्वळ कचरा. ह्याही वर्षी आषाढ लागून गेला होता आणि पाणी डबक्यासारखं गप्प पडून होतं.

म्हणून पू वुथीनं ठरवलं होतं. घर ओढत शहराच्या कडेला न्यायचं, तिथं मोडून फळ्या विकून टाकायच्या, आणि मिंगनं अन् तिच्या लेकीनं, चन्नानं, कपडे शिवायच्या कारखान्यात लागायचं. खोलीही बघून ठेवली होती त्यानं.

"पक्क्या भिंतीची खोली आहे," तो मला सांगत होता, जणू मीच राहायला जाणार होते. "दारात नळ आहे. पंखा आहे. इथं काय आहे?"

वाईट माणूस नव्हता हो तो. पोट सुटलेला, हसरा, बहिणीसाठी जीव टाकणारा. तोच तर घोटाळा होता. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं.

 मिंग भांडी एकात एक घालत होती. आदल्या दिवशी भावानं फोनवर विचारलं तेव्हा "बरं" म्हणाली होती, तेवढंच. पण मी तिच्या घरात आठ महिने काढले होते. पहाटे उठली की आधी पाण्याला हात लावून मग तोंड धुणारी बाई ती. तिला पंखा आणि नळ? शहरात ती वाळल्या शेंगेसारखी होईल हे मला दिसत होतं. चन्नाला दिसत होतं. भावाला तेवढं दिसत नव्हतं, आणि सांगणार कोण? चन्ना एकोणीस वर्षांची, गावात कुणाला ऐकायची नाही, पण मामा समोर आला की तिचीही जीभ टाळूला चिकटायची.

आता ऐका, खरी गोम इथं आहे. पू वुथी येण्याच्या जरा आधी मला ऑफिसातल्या दाराचा फोन आला होता. दारा हे तिथं माणसाचं नाव असतं. "साकुन," तो ओरडला, शकून कधी त्याच्या तोंडात बसलंच नाही, "शहराजवळ नदी पहाटेच वळली! मेकाँग जोरात आहे, चांगली फुगलीय. दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचेल बघ!"

मी धावत मिंगला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षीही दारानं असंच सांगितलं होतं."

"अगं पण ह्या वेळी मेकाँग—"

"भाऊ निघालाय, शकून. वाटेत असेल. त्याला काय सांगू? दारा म्हणतो म्हणून परत जा?"

तर अशी स्थिती. नदी येत होती दुपारी, भाऊ आला सकाळी. घर एकदा खांबांवरून सुटून शहराच्या वाटेला लागलं की मग नदी वळली काय आणि नाचली काय. मला काय सुचावं? मी आपली दोराकडे बघत उभी.

पू वुथीनं चप्पल काढली आणि मागच्या खांबाकडे निघाला.

"पू, असं जाता येणार नाही!" मी म्हणाले.

"का?"

आता का! डोक्यात काही असेल तर सांगणार. पण आमची आजी म्हणायची, तोंड उघडलं की देव शब्द घालतो. मी तोंड उघडलं.

"आमच्यात रिवाज आहे," मी म्हणाले. माझी ख्मेर भाषा अशी की शेजारच्या कोंबड्या हसाव्यात. "घरात परका पाहुणा असला आणि घर हलवायचं असलं, तर पाहुण्यानं आधी आपल्या हातानं रांधून सगळ्यांना वाढायचं. घर नेणाऱ्याला आधी. त्याच्याआधी दोर सोडला तर..."

"तर?"

"तर त्या पाहुण्याच्या घराण्यात पुढं कुणाला घर लाभत नाही."

अरे बाप्पा! माझं मलाच नवल वाटलं. चन्नाला ठसका लागला. ती भिंतीकडे तोंड करून खोकत राहिली.

पू वुथी विचारात पडला. देवभोळा माणूस. बोटीच्या नाकाशी उदबत्त्या आणि केळ्यांची फणी बांधूनच आला होता, पाण्यातल्या राखणदाराला. दुसऱ्याचा रिवाज मोडणं त्याच्या जिवावर आलं.

"लग्न करायचंय का पुढं तुला?" त्यानं विचारलं.

"हो!"

"मग पाळायलाच पाहिजे. वेळ लागेल का?"

"छे! हा झालाच."

आणि मी लांब रोटी करायला घेतली.

ज्यांनी आमच्याकडची लांब रोटी पाहिलीय त्यांना आता हसू आलं असेल. ती काय पोळी आहे, लाटली आणि टाकली? पीठ आधी सैलसर भिजवायचं, मग परातीत आपटायचं. आपट आपट आपटायचं. हात भरून आले की दुसऱ्याला द्यायचं आणि त्यानं आपटायचं. पिठाला अशी तार सुटली पाहिजे की उचललं तर कोपरापर्यंत लोंबलं पाहिजे. मग चुलीवर मडकं पालथं घालायचं, ते तापवायचं, आणि दोन्ही हातांवर झुलवत झुलवत रोटी लांबवून त्या मडक्यावर फेकायची. आमच्याकडे लग्नात ती करायला वेगळ्या बाया बोलावतात. मला येत होती म्हणजे आईची पाहून येत होती. मैद्याची पिशवी घरात होती, पाव करतात तो मैदा, एकदा हौसेनं बाजारातून आणला होता.

पू वुथी ओसरीच्या कडेला बसून पाय हलवू लागला. मिंग माझ्याजवळ आली, चुलीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "तुमच्यात खरंच आहे असा रिवाज?"

"आहे ना," मी म्हणाले.

"हं." तिनं कोपऱ्यातल्या लाकडांवरून नजर फिरवली. "मग ती सुकी नको लावू. ती ओली घे. सुक्या लाकडांवर फार लवकर होतं."

आणि पुन्हा जाऊन भांडी आवरायला बसली! मी तिच्या पाठीकडे बघतच राहिले. एवढं बोलली होती बाई. माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं.

ओल्या लाकडांचा असा धूर झाला की पू वुथी डोळे पुसत बोटीत जाऊन बसला. मडकं मी पाण्याचं घेतलं, रात्रभर भरलेलं, आणि तसंच ओलं चुलीवर पालथं घातलं. व्हायचं तेच झालं. ताडकन तडकलं.

"आता?" पू वुथी बोटीतून म्हणाला.

"आता दुसरं आणावं लागेल. चन्ना, जा गं."

त्या भागाला मडक्यांची ददात नाही. आख्खा जिल्हा मडकी आणि मातीच्या चुली घडवतो, बैलगाड्या भरभरून देशभर जातात. शेजारच्या घरात पाच मडकी पालथी पडलेली मला बसल्या जागी दिसत होती. पण चन्ना होडी काढून गावाच्या पार त्या टोकाला गेली. जाताना गाणं म्हणत गेली. एकेका घरापाशी थांबून काहीतरी सांगत होती, आणि ते ते घर आमच्याकडे वळून बघत होतं.

तोवर मी पीठ आपटत होते. हात दुखून आले. पू वुथीला राहवेना. "असं का मारतेस त्याला? काय केलंय त्यानं तुझं?"

"तुम्ही मारून बघा."

मला वाटलं नाही म्हणेल. पण माणूस हौशी. बाह्या सरसावून बसला परातीपाशी, आणि असं आपटलं, असं आपटलं, की पोटावर, भुवयांवर, सगळीकडे मैदा. मिंगला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

"हसतेस?" तो म्हणाला. "लहानपणी भात करून घालायचो तेव्हा नाही हसायचीस."

"तेव्हा भात असायचा का? पेज असायची. तिच्यात तांदूळ शोधावे लागायचे."

 मग तोच मला सांगू लागला, पिठाकडे बघत. त्यांच्या देशात वाईट वर्षं आली होती, राजवटीनंच लाखो माणसं मारली ती, आपण वाचलेली आहेत. त्यात आईबाप गेले. वुथी अकरा-बारा वर्षांचा, सोफाल तीन-चार. चादरीनं तिला पाठीला बांधून तो रानारानातून चालत ह्या नदीवर आला. हातानं मासोळी पकडली, ताडाचा रस पाजला, आणि वाढवलं तिला. लग्न लावून दिलं. नवरा तापानं गेला तेव्हाही हाच आला.

"ती कधी नाही म्हणाली नाही मला," तो म्हणाला. "इतकी गुणाची."

मला एकदम कळलं की मिंगचं "बरं" हे कसलं होतं. ज्यानं पाठीवर वाहून आणलं त्याला नाही कसं म्हणणार? ती जन्मभर म्हणू शकली नव्हती. नदी वेळेवर आली तरी हे घर जाणारच होतं, ती तोंड उघडत नाही तोवर. 

चन्ना मडकं घेऊन आली एकदाची. मडकं तापलं. मी पहिली रोटी झुलवली, ती फाटून चुलीत गेली. दुसरी मडक्याच्या कडेवरून घसरून नदीत गेली, बदकांनी खाल्ली. तिसरी बसली. पांढरी, पातळ, हातभर लांब, भाजताना तिला फुगे आले. पू वुथी तोंडात बोट घालून बघत होता. सोबत लहान मासोळीचा रस्सा केला होता, आमच्या पद्धतीचा, तिखट, फक्त चिंचेऐवजी तिथली आंबट पानं आणि गवती चहाचा बुंधा. त्याच्या नाकातून पाणी आलं, पण थांबेना. "अजून एक," म्हणायचा. "रिवाज आहे ना," म्हणायचा. त्यानं म्हणावं, मी लांबवावं. ऊन डोक्यावर आलं, कललं.

आणि पीठ संपलं.

पाणी तसंच, हिरवट, गप्प. जलपर्णीचे पुंजके जागच्या जागी. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आता आणखी कुठला रिवाज काढू? पू वुथीनं हात धुतले, ढेकर दिली आणि उठला. "पोरी, तुझ्या घराण्याला घरच घरं लाभोत," म्हणाला मनापासून. "चल सोफाल."

मिंगनं पिठाची परात उचलली. "एवढी धुते," म्हणाली. ओसरीच्या कडेला उकिडवी बसली आणि परात नदीत विसळली. पिठाचं पांढरं पाणी खाली पसरलं आणि दुधासारखं एका जागी राहिलं. ती बघत होती. मी तिच्यामागे उभी होते, मीही बघत होते. मग त्या पांढऱ्याला एक शेपूट फुटलं. शेपूट लांबलं. लांबत लांबत ते निघालं तळ्याकडे.

मिंगनं परात पुन्हा बुडवली. पुन्हा विसळली. ह्या वेळी पांढरं थांबलंच नाही, सरळ चाललं. तिनं हात पाण्यात घातला, बोटं पसरून, आणि तसाच ठेवला. मला म्हणाली, "गार आहे गं. मेकाँगचं आहे."

तेवढ्यात शहराच्या बाजूच्या घरांतून आरोळी उठली. मग जवळच्या. पत्रे वाजायला लागले, पातेली वाजायला लागली, म्हातारी माणसं ओसऱ्यांवर येऊन हात जोडून उभी राहिली. बांबू करकरले आणि बांधलेली सगळी घरं आपापल्या दोरांवर हळूहळू फिरली, गुरांनी एकदम मान वळवावी तशी. तांबूस गढूळ पाणी येऊन हिरव्या पाण्याला ढकलत होतं. चन्ना उड्या मारत होती. दर वर्षी नदी वळली की गाव आपली घरं ओढत वर नेतं, बुडत्या जंगलाच्या आडोशाला, आणि पावसाळा तिथं काढतं. दोन वर्षं कुणी हललं नव्हतं. आता लोक दोर काढायलाच लागले.

पू वुथी ओसरीच्या टोकाशी उभा होता. पीठ लागलेल्या भुवया वर चढल्या होत्या.

"वळली," तो अगदी हळू म्हणाला. क्षणभर तो बारा वर्षांचा दिसला. मग त्यानं मान झटकली. "मागच्या वर्षीही वळली होती. चार दिवसांचं कौतुक. सोफाल, मागचा दोर सोड."

आणि मिंगनं सोडला! मागे गेली आणि गाठ सोडली. मग बाजूची. माझा जीव टांगणीला. मनात म्हटलं, बाई गं, आता तरी बोल.

त्यानं बोट पुढं घेतली, शहराच्या बाजूला. जाड दोर ताणला. इंजिन भडभडलं, काळा धूर निघाला. घर जरासं हललं, थबकलं. तरंगतं घर म्हणजे केवढा पसारा, त्यात समोरून दक्षिणेचा वारा उठलेला, तो भिंतींना नेमका उलटा लोटत होता, आणि खालून पाणी. पू वुथीनं इंजिन वाढवलं. बोट ओरडत होती आणि घर, दिमाखात, बोटीला मागे ओढत तळ्याकडे चाललं होतं.

शेजारची एक दात पडलेली आजी ओरडली, "वुथी! तू घराला नेतोयस का घर तुला?"

आख्खं गाव हसलं. त्यानं इंजिन बंद केलं. दोर ढिला पडला. घाम पुसत तो ओसरीवर चढला. "हसा, हसा. उद्या मोठी बोट आणतो."

"नको," मिंग म्हणाली.

तो थांबला. मला वाटतं तो शब्द त्यानं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा.

"काय?"

"नको आणू दादा. मला यायचं नाही."

"काल तर बरं म्हणालीस."

"मी तुला आजवर दुसरं काय म्हटलंय?" तिनं हात पदरासारख्या गमछ्यात गुंडाळले. "तू मला पाठीला बांधून आणलंस. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते? तेव्हाही काही म्हटलं नसेल."

"तेव्हा नुसती रडत होतीस. सारी वाट."

"मग आता रडत नाही. आता बोलते. तू मला ह्या नदीवर आणून सोडलंस म्हणून मी जगले. आता तूच इथून उचलून नेऊ नकोस."

 चन्नानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

"आणि मासे नाही आले तर?" त्यानं विचारलं. आवाज उतरला होता. "तू इथं उपाशी, आणि मी तिकडे जेवतोय. घास उतरेल मला?"

"नाही आले तर मी तुला फोन करीन. ये म्हणेन. लाजणार नाही, शपथ. पण मी बोलावीन तेव्हा ये. ह्या वर्षी मला पाण्याबरोबर वर जाऊ दे."

पू वुथी खाली बसला.  इतका वेळ सोडलेलं घर आपलं हळूहळू तळ्याच्या दिशेनं वाहतच होतं, आणि त्याची बोट मुकाट्यानं मागं मागं येत होती. मग त्याचा चेहरा लाल झाला. आता हा चिडणार, मी मनात म्हटलं. आणि चिडलाच.

"मग हे सकाळी नाही सांगायचं? पहाटे उठून मित्राच्या हातापाया पडून बोट आणली मी! हिच्या त्या रिवाजापायी पीठ कुटलं मी! आणि घर कुणी सोडलं हे? असं कुणी मोकळं सोडतं का पावसाळ्यात? कुणाच्या तरी घरावर जाऊन आदळेल की!"

"तूच सोड म्हणालास."

"मी म्हणालो तर सोडायचं?" तो ओरडला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थबकला. मग उठला. ओला दोर हातावर गुंडाळला. "बघतेस काय? हे टोक सोड आणि घराच्या पलीकडच्या खांबाला बांध. त्या बाजूच्या. बोट संध्याकाळपर्यंत आहे माझ्याकडे. वर नेऊन सोडतो तुला. जागा तीच ना, मोठ्या झाडाच्या पलीकडची?"

"तीच," मिंग म्हणाली. आणि मग रडली ती. ओसरीत बसून, लहान पोरीसारखी, मोठ्यानं.

बोट फिरली, दोर ताणला, आणि ह्या वेळी घर असं निघालं जसं कुणी त्याला आजवर अडवूनच धरलं होतं. दात पडलेल्या आजीनं ओरडून आपलंही घर मागे जोडायला लावलं. मग आणखी एकानं. पू वुथी इंजिनावर बसून सगळ्यांना शिव्या घालत होता. भुवयांवरचा मैदा त्यानं शेवटपर्यंत पुसला नाही, कुणी सांगितलंच नाही त्याला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी परत आले, आमच्याच भागातल्या तलावांवर कामाला लागले. घर बांधलं, रिवाज पाळला होता ना. चन्ना अधूनमधून फोन करते. नदी काही एकदम शहाणी झालेली नाही. एखादं वर्ष भरभरून देते, एखादं वर्ष जीव काढते. पण 'ये' म्हणणारा तो फोन मिंगनं भावाला अजून केलेला नाही. भाऊ मात्र येतो. दर पावसाळ्यात, नदी वळल्याची बातमी शहरात पोचली की न बोलावता बोट घेऊन हजर होतो, बहिणीचं घर वर ओढायला.